खुंटीवरचा मुखवटा

रेडिएशन सुरू करायच्या आधी डोक्याचा साचा घेतात. प्लास्टिकची जाळीदार पांढरी शीट गरम पाण्यात बुडवून मऊ करायची, चेहऱ्यावर ताणून बसवायची आणि निवेपर्यंत माणसाने हलायचं नाही. निवली की ती कडक होते. नाक, भुवयांचा उंचवटा, हनुवटी, सगळं जसंच्या तसं उमटतं. मग रोज तोच मुखवटा चढवून माणसाला टेबलाला क्लिपांनी अडकवून टाकतात, कारण किरण मिलिमीटरच्या हिशेबाने सोडायचे असतात आणि डोकं तसूभर हललेलंही चालत नाही. ज्याचा त्याचा मुखवटा वेगळा. त्यावर नाव आणि नंबर लिहून तो भिंतीवरच्या खुंटीला टांगून ठेवतात.

माझ्या मामांचा मुखवटा मार्च २०२० मध्ये कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलात तयार झाला. आमच्या सिंधुदुर्गात तेव्हा रेडिएशनचं मशीन नव्हतं. पहिली बैठक २३ मार्चला, सोमवारी होती. रविवारी जनता कर्फ्यू. सोमवारी राज्यात संचारबंदी लागली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या, एसटी थांबली. मामा सावंतवाडीजवळच्या गावात आणि मुखवटा आंबोलीचा घाट ओलांडून पलीकडे. तीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून घंटी मारलेल्या माणसाला एसटी नाही म्हणून उपचाराला जाता येईना. फोनवर मला म्हणाले, "माझा तोंड थय खुंटयेर टांगलेला आसा, आनी मी हय बसलंय." त्या दिवसांत त्यांना बोलताना शब्द सापडत नसत. तिकिटाला 'पान' म्हणत, चष्म्याला नुसतं 'ता'. हे वाक्य मात्र एका दमात आलं.

मला जे म्हणायचं आहे ते या खुंटीपासूनच सुरू होतं. करोनाच्या काळात कर्करोगाच्या, आणि त्यातही मेंदूतल्या गाठींच्या रुग्णांचं काय झालं याबद्दल आपण बोलतो तेव्हा चर्चा खाटा, व्हेंटिलेटर आणि डॉक्टरांवर येऊन थांबते. कोल्हापुरातलं ते मशीन त्या सोमवारी चालू होतं. तंत्रज्ञ कामावर आलेला होता. डॉक्टर हजर होते. उपचार मोडला तो हॉस्पिटलात नाही, हॉस्पिटलात जायच्या वाटेवर. म्हणून पुढच्या साथीची तयारी करताना खाटांची मोजदाद जरूर करावी, पण त्याआधी रस्त्याचा विचार करावा, असं माझं मत आहे. वरवर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात तसं नियोजन आपल्याकडे आजही कुठे दिसत नाही.

आधी या आजाराचं घड्याळ समजून घेऊ. मामांना डाव्या बाजूला ग्लायोब्लास्टोमा होता. मोठ्या माणसांना होणाऱ्या मेंदूच्या कर्करोगांतला हा सगळ्यात आडदांड. फेब्रुवारीत फिट आली, गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, गाठ जमेल तेवढी काढली, रिपोर्टमध्ये 'ग्रेड चार' आलं. त्यापुढचा उपचार जगभर २००५ पासून ठरल्यासारखा आहे: सहा आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, एकूण तीस वेळा रेडिएशन आणि त्याच्या जोडीला टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या औषधाच्या कॅप्सूल. ज्या चाचणीवरून हा रिवाज पडला तिच्यातले आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. नुसतं रेडिएशन घेतलेल्यांपैकी निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांपर्यंत जगले, कॅप्सूलची जोड मिळालेल्यांत हीच मुदत १४.६ महिन्यांवर गेली. म्हणजे फरक अडीच महिन्यांचा. दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेलं, हे खरं मोठं यश. पण मधल्या रुग्णाच्या वाट्याला आले ते अडीच महिनेच. एवढ्या लाभासाठी जगभरच्या डॉक्टरांनी उपचाराची पद्धत बदलली. अशा आजारात "महिनाभर थांबा, पुढची तारीख कळवू" या वाक्याचं वजन किती होतं, हे ज्याचं त्याने करून पाहावं.

ऑपरेशननंतर जखम भरली की साधारण चार ते सहा आठवड्यांत रेडिएशन सुरू व्हावं अशी अपेक्षा असते. मामांचं सुरू झालं दहाव्या आठवड्यात.

त्या उशिरामुळे त्यांचं किती आयुष्य गेलं हे मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकत नाही. एका माणसावरून सिद्धान्त मांडता येत नाही. म्हणून जरा मोठा हिशेब पाहू. देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांनी मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांची तुलना आदल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी केली होती. नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरच्या कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्यातली ही केंद्रं. नव्या रुग्णांची नोंदणी १,१२,२७० वरून ५१,७६० वर आली, म्हणजे ५४ टक्क्यांनी घटली. मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी कमी झाल्या. फेरतपासणीला येणारे ४६ टक्क्यांनी कमी झाले. आणि रेडिएशन? ते फक्त २३ टक्क्यांनी घटलं.

हे आकडे बहुतेकांनी 'कॅन्सर उपचार निम्म्यावर' एवढ्या मथळ्यात वाचले आणि सोडून दिले. पण नवे रुग्ण आणि रेडिएशन यांच्यातली तफावत नीट पाहिली पाहिजे. मशिनं बंद पडली असती तर रेडिएशनही निम्म्यावर आलं असतं. तसं झालं नाही. जे रुग्ण आधीच शहरात येऊन राहिले होते, ज्यांचे उपचार अर्ध्यात होते, त्यांचे बऱ्याच प्रमाणात पुरे झाले. जे अजून गावात होते ते पोहोचलेच नाहीत. याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली: घट महानगरांतल्या केंद्रांत जास्त होती आणि लहान शहरांतल्या केंद्रांत कमी. मुंबईतली हॉस्पिटलं कोल्हापूर-सोलापुरातल्या हॉस्पिटलांपेक्षा वाईट चालली म्हणून असं झालं का? मला तसं वाटत नाही. मुंबईला येणारा रुग्ण जळगावहून, गोरखपूरहून, मालद्याहून येतो. रेल्वे थांबली की तोही थांबतो. लहान शहरातला रुग्ण निदान दुसऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून तरी येऊ शकतो.

हॉस्पिटलं चालवता येत होती याचा पुरावा परळमध्येच आहे. टाटा मेमोरियलने टाळेबंदीच्या ऐन भरात, २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात ४९४ मोठ्या, आधी तारीख ठरवून केलेल्या शस्त्रक्रिया केल्या आणि ऑपरेशननंतर एकही रुग्ण दगावला नाही. त्या वेळी जगभरातून येणाऱ्या बातम्या उलट सांगत होत्या. करोनाची लागण झालेल्या ११२८ शस्त्रक्रिया रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत ३० दिवसांच्या आत जवळपास २४ टक्के दगावल्याचं मे महिन्यात प्रसिद्ध झालं होतं. या दोन आकड्यांत विरोध नाही. पहिला सांगतो की रुग्ण तपासून, वेगळे ठेवून ऑपरेशन केलं तर जमतं. दुसरा सांगतो की लागण झालेल्यावर चाकू चालवला तर काय होतं. पुढे ९१७१ कर्करोग रुग्णांच्या अभ्यासात हेच दिसलं: ज्या हॉस्पिटलात करोनाचे आणि बाकीचे रुग्ण पूर्ण वेगळे ठेवले होते तिथे ऑपरेशननंतर फुप्फुसाच्या तक्रारी २.२ टक्के रुग्णांना झाल्या, जिथे सरमिसळ होती तिथे ४.९ टक्के.

म्हणजे प्रश्न 'ऑपरेशन करावं की नाही' असा नव्हताच. 'कुठे करावं' असा होता. आणि नेमका तोच आपण विचारला नाही. २० मार्च २०२० ला केंद्राने हॉस्पिटलांना कळवलं की निकडीच्या नसलेल्या नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकला. हेतू योग्य होता. पण 'नियोजित' या शब्दाने घोळ घातला. आपल्याकडे तारीख देऊन केलेली शस्त्रक्रिया म्हणजे नियोजित, आणि नियोजित म्हणजे ऐच्छिक, असा अर्थ वरून खाली येता येता झिरपत गेला. हर्नियाचं ऑपरेशन नियोजित. गुडघा बदलणंही नियोजित. आणि मेंदूतली गाठ काढणं? तेही तारीख देऊनच करतात, कारण आधी एमआरआय लागतो, भूलतज्ज्ञ लागतो, रक्ताची सोय लागते, आयसीयूत खाट लागते. अपघातात डोकं फुटलेला माणूस 'इमर्जन्सी' या दारातून आत जातो. डोक्यात गाठ असलेला माणूस नियोजित या दाराशी उभा राहतो, आणि ते दार बंद झालं.

पुढे १४ एप्रिलला केंद्रानेच अत्यावश्यक आरोग्यसेवा चालू ठेवण्याबद्दल वेगळी सूचना काढली, हे मान्य करायला हवं. पण तीन आठवडे उलटले होते, आणि पहिल्या सूचनेची जी छाप खालच्या पातळीवर पडली ती दुसऱ्या कागदाने पुसली गेली नाही. ब्रिटनमध्ये शल्यविशारदांच्या संस्थांनी एक साधी गोष्ट केली होती. शस्त्रक्रियांची यादी त्यांनी मुदतीनुसार पाडली: २४ तासांत, ७२ तासांत, ४ आठवड्यांच्या आत, ३ महिन्यांपर्यंत थांबणाऱ्या, त्याहून जास्त थांबणाऱ्या. त्यांच्याकडेही हाल झाले, खूप झाले. पण ऑपरेशन कोणत्या प्रकारचं यापेक्षा आजार किती दिवस थांबेल हे आधी विचारणं, ही शहाणपणाची रीत आहे.

सगळीच ढकलाढकल चूक होती असं मी म्हणत नाही. मेंदूच्या आवरणावरची लहानशी मेनिंजिओमा वर्षानुवर्षं जागची हलत नाही. तिला सहा महिने नुसतं पाहत राहणं हे साथ नसतानाही योग्य ठरतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या गाठींची ऑपरेशनं थांबली त्यालाही कारण होतं. ही गाठ नाकातून दुर्बीण घालून काढतात, आणि विषाणूचं ठाणं नाकातच. वुहानमध्ये अशा एका रुग्णाकडून १४ आरोग्य कर्मचाऱ्यांना लागण झाल्याची बातमी जानेवारीतच पसरली होती. लागण ऑपरेशनच्या टेबलावर झाली की वॉर्डात, यावर नंतर वाद झाला, पण तोवर जगभरचे नाकातून शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर धास्तावले होते, आणि त्यांना दोष देता येणार नाही. अडचण अशी की ही गाठ डोळ्यांच्या नसांवर चढते. बाजूचं दिसेनासं होत जातं, रुग्ण दाराच्या चौकटीला खांदे आपटत चालतो. नस फार काळ दबून राहिली की नंतर गाठ काढूनही गेलेली नजर पुरती परत येईल याची खात्री नसते. इथे जीव जात नाही, म्हणून मृत्यूच्या आकड्यांत हे नुकसान कधीच दिसत नाही.

आणखी एक नुकसान दिसत नाही: जे आलेच नाहीत त्यांचं. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखतं, उलटी होते आणि मग बरं वाटतं, ही मेंदूत दाब वाढल्याची ओळखीची खूण. २०२० च्या उन्हाळ्यात डोकेदुखी आणि उलटी घेऊन फॅमिली डॉक्टरकडे कोण गेलं? आणि गेलं तरी आधी स्वॅबची वाट पाहावी लागली. वास जाणं हे तर त्या वर्षात करोनाचंच लक्षण झालं होतं. कपाळामागच्या भागात वाढणाऱ्या मेनिंजिओमातही वास जातो, हळूहळू, महिनोन् महिने; पण त्या दिवसांत वास गेला म्हणणाऱ्याला डोक्याचा स्कॅन कोण लिहून देणार होतं? कॅन्सर केंद्रांतली नवी नोंदणी निम्म्याहून खाली आली याचा अर्थ त्या उन्हाळ्यात लोकांना गाठी कमी झाल्या असा नाही. गाठी होत्याच, फक्त घरी होत्या.

आता रस्त्याकडे येतो. मामांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पास मिळाला. कचेरीतला माणूस भला होता, त्याने कागद पाहून लगेच शिक्का मारला. पण पास होता एका दिवसाचा: जाणं आणि येणं. रेडिएशन तीस दिवसांचं. ड्रायव्हर धरून गाडीत तीन माणसं, त्याहून जास्त नाहीत. कोल्हापुरात राहायचं म्हटलं तर लॉज बंद, खानावळी बंद, ओळखीच्या घरात उतरायचं म्हटलं तर सोसायटीवाले आत घेईनात. शनिवार-रविवार गावी यायचं म्हटलं तर बाहेरून आलेल्याने चौदा दिवस शाळेत विलगीकरणात राहायचं, असा गावाचा ठराव. म्हणजे नियमांप्रमाणे वागायचं तर मामांनी पाच दिवस रेडिएशन घ्यायचं आणि चौदा दिवस मराठी शाळेच्या वर्गात झोपायचं. हा विनोद नाही. सगळे नियम वेगवेगळे वाचले तर प्रत्येक नियम बरोबरच होता. एकत्र वाचायला कुणी बसलं नव्हतं, एवढंच.

आमच्या टोकाला आणखी एक गंमत. सावंतवाडी, दोडामार्ग, बांद्याच्या माणसाला मोठा आजार झाला की तो मुंबईकडे तोंड करत नाही. तो बांबोळीला जातो. पिढ्यान् पिढ्यांची सवय आहे. गोव्याच्या सीमेवरचा पत्रादेवीचा नाका बंद झाला तेव्हा नकाशावरची राज्याची सीमा आमच्या हॉस्पिटलच्या वाटेत येऊन उभी राहिली. मामांचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालं होतं म्हणून निभावलं. मार्चमध्ये फिट आली असती तर काय झालं असतं हा विचार मी शक्यतो करत नाही. असे सीमाभाग महाराष्ट्रात थोडे नाहीत. चंदगडचा माणूस बेळगावला जातो, गोंदियाच्या आसपासचा रायपूरला. आजारी माणसाची भूगोलाची समज जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा वेगळी असते.

व्हिडिओ कॉलवर तपासणी ही त्या काळाची देणगी, असं म्हणतात. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची नियमावली आली आणि बऱ्याच रुग्णांची फरफट वाचली, हे खरंच आहे. रक्ताचा रिपोर्ट दाखवून कॅप्सूलचा डोस ठरवायला दोनशे किलोमीटर जायची गरज नसते. पण मेंदूच्या रुग्णाचं तसं नाही. डॉक्टर विचारायचे, "कसं वाटतंय?" मामा म्हणायचे, "बरा आसा." प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर, कारण तेवढेच शब्द हाताशी उरले होते. उजव्या हाताची पकड सैल झाली होती, ते फोनच्या चौकटीत दिसत नव्हतं. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर सूज आहे का, हे भिंग लावून पाहावं लागतं. मागे उभी असलेली मामी खुणा करत होती, म्हणून निभावलं.

मामीवरून आठवलं. साथीच्या काळात नातेवाइकांना वॉर्डात बंदी होती. छातीच्या, पोटाच्या रुग्णाला ती जाचली असेल, पण तो निदान कुठे दुखतंय ते सांगू शकतो. ज्याच्या बोलण्याच्या केंद्रातच गाठ आहे, जो आज कोणता वार ते विसरतो, ज्याला आपण हॉस्पिटलात का आलो हेच आठवत नाही, त्याची साक्ष नातेवाईकच असतो. शेवटची फिट कधी आली, गोळी सकाळी दिली की नाही, हा माणूस आधी असा चिडका होता का, या सगळ्याचं उत्तर बाहेर गेटवर ताटकळत उभं होतं. मेंदूच्या वॉर्डात एक नातेवाईक म्हणजे भेटायला आलेला पाहुणा नसतो, हे नियम करणाऱ्यांना कळायला हवं होतं. त्याची चाचणी करा, मास्क द्या, पण आत घ्या.

मेच्या पहिल्या आठवड्यात शेवटी मामा कोल्हापुरात पोहोचले. एका ओळखीच्या ट्रस्टने रिकामी पडलेली शाळेची खोली दिली. मुखवटा खुंटीवरून काढला, चढवला, आणि तो बसेना. मेंदूवरची सूज उतरावी म्हणून त्यांना डेक्सामेथासोन चालू होतं, आणि दोन महिन्यांत स्टिरॉइडने चेहरा गोल झाला होता, गाल फुगले होते. पुन्हा गरम पाणी, पुन्हा नवी शीट. नवा स्कॅन, नवं नियोजन, आणखी पाच दिवस. याच डेक्सामेथासोनने पुढे जूनमध्ये जगाचं लक्ष वेधलं. व्हेंटिलेटरवरच्या करोना रुग्णांतले मृत्यू त्याने तिसऱ्या हिश्श्याने घटतात असं ब्रिटनमधल्या चाचणीत दिसलं. मामी टीव्हीवर ती बातमी बघत म्हणाली, म्हणजे आपल्याला आधीपासूनच चालू आहे. तिला वाटलं मामांना आता करोना होणार नाही. तसं नसतं; डोस वेगळा, हेतू वेगळा, आणि दीर्घकाळ घेतलं तर संसर्गाशी लढायची ताकद उलट कमी होते. पण त्या संध्याकाळी मी तिला ते सांगितलं नाही.

डॉक्टरांनी तीसऐवजी पंधरा बैठकांतच उपचार पुरा केला, दर वेळी थोडी जास्त मात्रा देऊन. वयस्क रुग्णांसाठी हा आखूड उपचार साथीच्या आधीपासूनच अभ्यासलेला होता आणि साठीच्या पुढच्यांत त्याचे निकाल लांब उपचाराच्या तोडीचे आढळले होते. साथीने त्याचा वापर वाढवला. ही एक गोष्ट मात्र टिकवावी असं मला मनापासून वाटतं. ज्या माणसाकडे वर्षभर उरलं आहे त्याचे तीन आठवडे वाचवणं ही काटकसर नाही.

दुसऱ्या लाटेत प्रश्न पुन्हा तेच, फक्त रूप वेगळं. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजन करोना वॉर्डांकडे वळला आणि ऑपरेशन थिएटरं पुन्हा थंडावली. तोवर आणखी एक नियम आला होता: करोना होऊन गेलेल्या रुग्णाचं ऑपरेशन शक्यतो सात आठवडे करू नये. १,४०,००० हून अधिक रुग्णांच्या अभ्यासावर तो आधारलेला होता, भक्कम होता. पण ग्लायोब्लास्टोमावर उपचारच झाले नाहीत तर रुग्ण तीन-चार महिने काढतो. त्याला सात आठवडे थांबा म्हणणं म्हणजे उरलेल्यातला निम्मा हिस्सा मागून घेणं. असा नियम वापरताना रुग्णासमोर बसून दोन्ही धोके मांडणारा डॉक्टर हवा. परिपत्रकाला ते जमत नाही. लसीकरणातही तीच कथा. १ मार्च २०२१ पासून कर्करोगाच्या रुग्णांना आधी लस मिळाली, पण वय ४५ च्या वर असेल तरच. मेंदूच्या कित्येक गाठी ऐन तिशी-चाळिशीत होतात. पस्तिशीतला, टेमोझोलोमाइड घेणारा, पांढऱ्या पेशी घटलेला रुग्ण मे महिन्यापर्यंत धडधाकट माणसांच्या रांगेत उभा राहिला.

आता माझ्यासारख्याला विचारला जाणारा प्रश्न: खाटाच कमी होत्या, श्वास कोंडलेली माणसं दाराशी होती, तेव्हा वर्षभर जगणाऱ्या रुग्णासाठी यंत्रणा अडवून ठेवायची होती का? प्रश्न कठोर आहे, पण मी तो टाळणार नाही. माझं उत्तर असं की हा सामना खाटेसाठी नव्हताच. रेडिएशनच्या मशिनवर करोनाचा रुग्ण झोपवता येत नाही. त्या मशिनचा तंत्रज्ञ व्हेंटिलेटर चालवत नाही. मशीन रिकामं राहिलं त्याने कुणाचाही जीव वाचला नाही. बाकी उरतात शस्त्रक्रिया, आणि तिथे खरोखर आयसीयूची ओढाताण होती. २१ मे २०२० ला राज्याने खासगी हॉस्पिटलांतल्या ८० टक्के खाटा आपल्या नियंत्रणात घेतल्या आणि दर बांधून दिले. त्याच सुमाराला महात्मा जोतीराव फुले योजना सगळ्या नागरिकांना लागू झाली. म्हणजे सरकारच्या हातात जोर होता, पैसाही मोकळा होत होता. त्याच अधिकारात प्रत्येक विभागातलं एकेक हॉस्पिटल 'इथे करोना येणार नाही' असं ठरवून बाजूला ठेवता आलं असतं. २० खाटांची आयसीयू, दोन थिएटरं, एक रेडिएशनचं मशीन. तिथे मेंदूची, बाळंतपणाची, हृदयाची, मुलांच्या कर्करोगाची कामं चालू राहिली असती. इंग्लंडने लंडनमध्ये कॅन्सरसाठी अशी स्वच्छ केंद्रं काढली होती. आपल्याकडे उलट झालं: मोठी सार्वजनिक हॉस्पिटलं एकामागून एक करोनासाठी जाहीर होत गेली, आणि कोणती होणार नाहीत याची यादी कधी निघालीच नाही.

अशी यादी साथ आल्यावर करता येत नाही. ती आज करायची असते, विभागीय आयुक्तांच्या टेबलावर, शांतपणे, आणि त्यात नागपूर, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, पुणे, कोल्हापूर, कोकण सगळे असले पाहिजेत. पासाचा नमुनाही आजच बदलता येतो: 'वैद्यकीय कारण, एक दिवस' याऐवजी 'उपचार पूर्ण होईपर्यंत', सोबत एका नातेवाइकासह, आणि तोच कागद दाखवला की विलगीकरणातून सूट. हॉस्पिटलजवळच्या धर्मशाळा आणि भक्तनिवास अत्यावश्यक सेवेत मोजायला हवेत. दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेसारख्या जागांवर बाहेरगावच्या कॅन्सर रुग्णांचा केवढा भार असतो हे परळला एकदा जाऊन आलेल्या कुणालाही ठाऊक असतं. त्या बंद ठेवून हॉस्पिटल उघडं ठेवण्यात काही अर्थ नाही. आणि सिंधुदुर्ग-गोवा, चंदगड-बेळगाव अशा जोड्यांसाठी दोन राज्यांत आधीच लेखी करार असावा. पुराच्या पाण्याबाबत आपण शेजारच्या राज्याशी बोलतोच की.

मामा जानेवारी २०२१ मध्ये गेले, घरी, आपल्या खाटेवर. उपचार संपले त्या दिवशी तंत्रज्ञाने दोन्ही मुखवटे पिशवीत घालून दिले होते. हॉस्पिटलला त्यांचा काही उपयोग नसतो. गणपतीत मी गावी गेलो तेव्हा दुसरा, सुजलेल्या चेहऱ्याचा, माळ्यावर सापडला. पहिला मामीने देवघराशेजारच्या खुंटीला टांगला होता. दुसरा मी तिला दाखवला तर तिने नीट पाहिलंही नाही. "तो तेंचो न्हय," म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.